पेनांग ते मलाका: मावशी, मी आणि हमालांचं खाणं

गुरुवार, जॉर्जटाऊन

मलेशिया म्हणलं की आपल्याकडं लोकांच्या डोळ्यापुढं ट्विन टॉवर, बाटू केव्ह्ज आणि गेंटिंग येतं, टूरवाले पण तेच दाखवतात. आम्हाला फक्त खायचं होतं, म्हणून मुंबईहून क्वालालंपूर आणि तिथून लगेच पुढं पेनांग असं तिकीट काढलं. आम्ही म्हणजे मी आणि मालवणची मावशी. साठी उलटली तरी तिची जीभ शाबूत आहे आणि माशातलं तिला जे कळतं ते मला सात जन्म कळणार नाही. सोमवारी ती मासमच्छी खात नाही हे आधीच सांगून ठेवलेलं. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना व्हिसाची भानगड नाही, डिजिटल अरायव्हल कार्ड भरलं की झालं.

पेनांग हे बेट, जॉर्जटाऊन हे त्यातलं शहर. 1786 मध्ये फ्रान्सिस लाइटनं इथं ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं टाकलं, बंदर जकातमुक्त ठेवलं आणि मग चीनमधून, तमिळ किनाऱ्यावरून, सुमात्राहून, कुठून कुठून माणसं आली. बहुतेक जण ओझी उचलायलाच आलेले. माझं मत असं की बंदरगावात चांगलं खाणं शोधायचं असेल तर साहेब काय खायचा ते विचारू नये, धक्क्यावरचा हमाल काय खायचा ते विचारावं. पूर्ण ट्रिप मी याच हिशोबानं आखलेली.

संध्याकाळी पोचलो, बॅगा टाकल्या आणि थेट चुलिया स्ट्रीटजवळच्या एका कोपीतियाममध्ये. ही भानगड आधी समजून घ्यायला लागते. दुकान एकाचं, त्यात सहा-सात गाड्या भाड्यानं लागलेल्या आणि प्रत्येक गाडी एकच पदार्थ करणार, बास. मालक विकणार फक्त चहा-कॉफी. तुम्ही टेबलावर बसलात की तो येऊन उभा राहतो, काहीतरी प्यायला घ्यावंच लागतं, त्याची खरी कमाई त्यातच. खाण्याची ऑर्डर गाडीवर जाऊन द्यायची, टेबल कुठलं ते सांगायचं, पैसे ताट आल्यावर. एकाच टेबलावर तीन गाड्यांचं खाणं येतं. आणि जो माणूस चाळीस वर्षं रोज एकच पदार्थ करतोय त्याच्या हाताला काय सफाई असेल ते तुम्हीच बघा.

पहिल्या रात्री होक्किन मी घेतलं. पेनांगमध्ये या नावानं कोळंबीच्या पाण्यातल्या नूडल्स मिळतात, क्वालालंपूरला त्याच नावानं काळ्या सॉसमधलं कोरडं काहीतरी देतात, तेव्हा घोटाळा करू नका. कोळंबीची डोकी आणि सालं भाजून, कुटून, डुकराच्या हाडांबरोबर तासन्‌तास उकळलेलं लालभडक पाणी. मावशीनं एक घोट घेतला, थांबली, म्हणाली, "डोक्यांचो रस असा ह्यो. आमच्याकडे लोका उकिरड्यावर टाकतत." मग दुसरा घोट. मग माझ्याशी बोलणं बंद.

शुक्रवार, जॉर्जटाऊन

सकाळी नासी कांदार. पेनांगला येऊन हे नाही खाल्लं तर आलात कशाला. तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर कावड घेऊन बंदरावर फिरायचे, एका टोकाला भात, दुसऱ्या टोकाला रश्श्याची भांडी, आणि गिऱ्हाईक म्हणजे माल चढवणारे-उतरवणारे. सकाळी सकाळी भातच का, तर पुढं दिवसभर पोती उचलायचीत म्हणून. कावडी गेल्या, दुकानं झाली. कँपबेल स्ट्रीटवरचं हमीदिया 1907 पासून आहे आणि बाहेर रांग असतेच.

ताटात भात, त्यावर तुम्ही बोट दाखवाल ते. मटण, तळलेलं चिकन, माशाची गाबोळी, उकडलेली भेंडी, खारवलेलं अंडं. खरी गंमत रश्श्याची: चार-पाच कढयांतले वेगवेगळे रस्से डावानं थोडे थोडे एकाच भातावर ओतायचे, मटणाचा, माशाचा, चिकनचा, सगळा एकत्र काला. 'बांजीर' म्हणालात की भात बुडेपर्यंत ओततात. आपल्याकडं माशाच्या कालवणात मटणाचा रस्सा घातला तर घरात भांडणं होतील, मावशीनं तर डोळेच मिटून घेतले, पण पहिल्या दोन घासांनंतर तीच परत उठून काउंटरवर गेली आणि हातानं बांजीरची खूण करून आली. फक्त एक सांगतो, दर लिहिलेले नसतात, माणूस ताट बघून आकडा सांगतो, त्यामुळं मोठी कोळंबी उचलायच्या आधी विचारा. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या ऑस्ट्रेलियन जोडप्यानं विचारलं नव्हतं, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होते.

दुपारी ऊन इतकं की खोलीत पडून राहिलो. मधे जाऊन पेनांग रोडवर चेंडोल खाल्लं, म्हणजे किसलेला बर्फ, नारळाचं दूध, पानदान नावाच्या सुवासिक पानानं हिरव्या झालेल्या शेवया, राजमा आणि वरून गुला मलाका, माडाचा गूळ. चांगलं आहे, पण रांगेत अर्धा तास उभं राहण्याइतकं नाही. असो.

रात्री 'चार क्वे तिओ', यातलं 'चार' म्हणजे परतलेलं, आकडा नव्हे. तांदळाच्या पट्ट्यांसारख्या नूडल्स, कोळंबी, लालसर रसाचे शिंपले, चिनी सॉसेज, मोड आलेले मूग, चिनी पात, बदकाचं अंडं, आणि हे सगळं डुकराच्या चरबीवर. हे मूळचं गरिबाचं खाणं, कोळी आणि शिंपले वेचणारे दिवसाचं काम संपवून रात्री जोडधंदा म्हणून विकायचे, चरबी घालायचे कारण स्वस्तात पोट भरतं आणि अंगात ताकद राहते. चांगला करणारा एका वेळी एकच प्लेट करतो, दोन किंवा तीन एकदम टाकल्या की कढई थंड पडते, नूडल्सना पाणी सुटतं आणि तो जळका धुरकट वास लागत नाही. आमचा माणूस कोळशाच्या शेगडीवर करत होता, पायाशी पंखा, रांगेत वीस-पंचवीस जण, आणि तो कुणाकडं बघतसुद्धा नव्हता. आठ-दहा रिंगिट, म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. शिंपले मुद्दाम अर्धेकच्चे ठेवतात, नको असतील तर आधी सांगा. मावशीनं माझ्या ताटातले पण खाल्ले.

याच गाड्यांबद्दल एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. पेनांग सरकारनं 2016 पासून फेरीवाल्यांच्या स्टॉलवर परदेशी कामगारांनी मुख्य स्वयंपाकी म्हणून उभं राहायला बंदी घातलीये, कारण काय तर चवीचा वारसा बिघडतो. आता बघा, हे पदार्थ आणले कोणी? बोटीनं आलेल्या परदेशी कामगारांनीच ना. आणि आज भांडी घासायला, भाज्या चिरायला बांगलादेशी, म्यानमारची पोरं चालतात, कढईवर नाही. चव टिकवायची काळजी मला समजते, म्हाताऱ्यांची पोरं या धंद्यात येत नाहीत हेही खरंय, पण हिशोब काही पटला नाही.

शनिवार, एअर इताम आणि बालिक पुलाउ

आज मावशीचा दिवस होता असं म्हणायला हरकत नाही. एअर इतामच्या बाजारात आसाम लाक्सा खायला गेलो, वर टेकडीवर केक लोक सी हे भलंमोठं बौद्ध मंदिर. लाक्सा दोन जातींचा: एक नारळाच्या दुधातला, दुसरा हा आंबट. उकडलेला मासा कुस्करून केलेलं दाट पाणी, त्यात जाड तांदळाच्या नूडल्स, वरून काकडी, अननस, कांदा, पुदिना, मिरची, अद्रकाच्या जातीतलं बुंगा कांतान नावाचं गुलाबी फूल बारीक चिरून, आणि चमचाभर हे को, म्हणजे कोळंबीचा काळा गोडसर चिकट अर्क.

मावशीनं चमच्यात माशाचा तुकडा घेतला, उलटासुलटा केला. "अरे, ह्यो तर बांगडो!" होता बांगडाच. मलयमध्ये केंबुंग म्हणतात, आपल्या समुद्रातला तोच. मग आंबटपणा शोधायला लागली. चिंच आहे, पण नुसती चिंच नाही, म्हणे. उठून गाडीवर गेली. तिथली बाई मलय आणि होक्किन ही चिनी बोली बोलणारी, ही मालवणी बोलणारी, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण पाचव्या मिनिटाला त्या बाईनं डब्यातून सुकलेल्या तपकिरी चकत्या काढून हिच्या हातावर ठेवल्या. आसाम केपिंग. गार्सिनिया कुळातलं फळ, रातांब्याचंच सख्खं भावंड, फक्त आपण साल वाळवतो आणि हे लोक फळाच्या चकत्या करून वाळवतात. मावशी एक चकती चघळत परत आली आणि बसता बसता म्हणाली, "सोलां."

बांगडा आणि सोलं, वर अननस. घरी सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार नाही. मला स्वतःला हा लाक्सा पेनांगच्या सगळ्या खाण्यात वरचा वाटला, चार क्वे तिओपेक्षाही, आणि त्याला चरबीबिरबी काही लागत नाही. वास मात्र उग्र आहे, ज्यांना सुकी मासळी चालत नाही त्यांनी लांबून नमस्कार करावा.

दुपारी बसनं बेटाच्या मागच्या बाजूला बालिक पुलाउ. जूनचा महिना म्हणजे ड्युरियनचा सीझन. बागेत फळ झाडावरून तोडत नाहीत, पिकून पडलं की उचलतात, खाली जाळ्या बांधलेल्या असतात. ड्युरियनबद्दल इतकं लिहून झालंय की मी काही वाढवत नाही. मावशीला आवडलं, मला नाही. हॉटेलच्या लिफ्टमध्ये 'ड्युरियन आणू नये'चं चित्र होतं आणि आमच्या कपड्यांना वास येत होता, रिसेप्शनवरच्या मुलीनं बघून न बघितल्यासारखं केलं.

रविवार, इपोह

सकाळची फेरीबोट घेऊन बटरवर्थ, तिथून इलेक्ट्रिक ट्रेन, पावणेदोन-दोन तासांत इपोह. ट्रेन स्वच्छ, एसी एवढा की मावशीनं शालच काढली. इपोह म्हणजे किंता खोरं, कथिलाच्या खाणी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगातल्या सगळ्यात श्रीमंत कथिल पट्ट्यांपैकी हा एक, दक्षिण चीनमधले कँटोनीज आणि हाक्का मजूर हजारोंनी आले. 1985 मध्ये जगभरात कथिलाचा भाव कोसळला, खाणी बंद पडल्या, तरुण मंडळी बाहेर गेली, आणि गाव तसंच्या तसं राहिलं. जुनी दुकानं, जुने पंखे, जुने म्हातारे. खायला उत्तम.

इथली व्हाइट कॉफी पांढरी नसते हो. नेहमीची कोपी करताना बिया साखर आणि मार्गारीन घालून काळ्याकुट्ट भाजतात, इपोहवाले साखर न घालता नुसत्या मार्गारीनवर भाजतात, म्हणून बी फिकट राहते. वरून कंडेन्स्ड मिल्क घालतात ते वेगळंच. गोड आहे, फार गोड. कमी साखर हवी तर बोलून ठेवायचं, बिनसाखरेची काळी हवी तर 'कोपी ओ कोसोंग'. सोबत काया टोस्ट, म्हणजे नारळाचं दूध, अंडं आणि साखर आटवून केलेला जॅम, आणि अर्धवट उकडलेली दोन अंडी बशीत फोडून, वरून सोया सॉस आणि पांढरी मिरी. मावशीनं अंडी परत पाठवली. "कच्ची हत." उकडून आणा म्हणलं तर पोऱ्या हसायला लागला, शेवटी मीच चारही खाल्ली.

रात्री न्गा चोय काय. पाण्यात अलगद शिजवलेली कोंबडी, सोया आणि तिळाचं तेल, बाजूला बशीभर मोड आलेले मूग फक्त दहा सेकंद गरम पाण्यात बुडवून. ऐकायला काहीच नाही. पण मोड आखूड आणि जाडजूड, दाताखाली करकरीत. लोक म्हणतात भोवतीच्या चुनखडीच्या डोंगरांतलं पाणी तसं आहे म्हणून. डोंगर तर स्टेशनवरूनच दिसतात.

सोमवार, इपोह ते क्वालालंपूर

मावशीचा सोमवार. मला काळजी होती, पण खरं सांगायचं तर मलेशियात शाकाहारी राहणं फार अवघड नाही, जागा माहीत पाहिजेत एवढंच. चायनीज फ्राइड राइस व्हेज सांगून भागत नाही, त्यात चरबी असू शकते, भाजीच्या सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या ठेच्यात, बेलाचान, म्हणजे कोळंबीची वाळवलेली वडी, असतंच असतं. मामाकच्या, म्हणजे तमिळ मुसलमानाच्या, दुकानात रोटी चनाई आणि डाळ बिनधास्त मिळते. मैद्याचे गोळे रात्रभर तेलात मुरवलेले, सकाळी ते हवेत फिरवून कागदाएवढे पातळ करायचे, घडी घालायची आणि तव्यावर. दोन-अडीच रिंगिट. सोबत तेह तारिक, एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतलेला दुधाळ चहा. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोनं मलेशियाची नाश्त्याची संस्कृती वारशाच्या यादीत घेतली, नासी लेमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक या तिघांना पुढं करून. एक मलय, एक तमिळ मुसलमान आणि चहा सगळ्यांचा, हिशोबानं बसवलेलं आहे, पण चुकीचं काही नाही.

मग पेराक टोंग हे गुहेतलं देऊळ बघितलं, आणि दुपारी एका बौद्ध शाकाहारी हॉटेलात जेवलो. तिथं गव्हाच्या ग्लुटेनचं आणि सोयाचं खोटं मांस करतात. खोटं मटण इतकं खऱ्यासारखं दिसत होतं, धागे सुटलेले, कडेला चरबीसारखी पांढरी पट्टी, की मावशीनं ताट सरकवलं. मी पाच वेळा सांगितलं सोया आहे. "असात. पण माझ्या डोळ्यांका मटाण दिसता, सोमवारी डोळ्यांनी पण खावचा नाय." यावर काय बोलणार. तिनं टोफू आणि भात खाल्ला.

रात्री क्वालालंपूर, ब्रिकफील्ड्सला केळीच्या पानावरचं तमिळ जेवण. रेल्वेसाठी आणि रबराच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी आणलेल्या तमिळ मजुरांची ही जुनी वस्ती. रसम, तीन भाज्या, पापड, भात हवा तितका. दिवसभरात तिचं पोट पहिल्यांदा भरलं.

मंगळवार, क्लांग

शहरात न फिरता लोकल पकडून क्लांगला गेलो, मलेशियाचं सगळ्यात मोठं बंदर तिथंच. कशासाठी, तर बाक कुत तेहसाठी. डुकराच्या बरगड्या, अख्ख्या लसणाच्या गड्ड्या, दालचिनी, चक्रीफूल आणि चिनी औषधी मुळ्या एकत्र उकळून केलेलं काळं पाणी, भात आणि कडक चिनी चहाबरोबर. नावात चहा असला तरी सूपमध्ये चहा नसतो. बंदरावरचे चिनी कुली सकाळी कामाला जायच्या आधी हे खायचे, म्हणून चांगली दुकानं आजही पहाटे उघडतात आणि दुपारच्या आत संपतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारनं याला राष्ट्रीय वारसा पदार्थ जाहीर केलं तेव्हा देशात वाद झाला, मुसलमान बहुसंख्य देशात डुकराचा पदार्थ वारसा कसा वगैरे. दुकानात कुणाला त्याचं पडलेलं दिसलं नाही, टेबल मिळायला आम्हाला थांबावं लागलं.

मावशी म्हणाली आजीचा काढा लागतोय, सर्दीवर चांगला. मला पहिली वाटी औषध वाटली, दुसरी सूप, तिसरी मागवायची होती तर भांडंच संपलं होतं.

रात्री क्वालालंपूरची खाऊगल्ली, जालान आलोर. निऑन दिवे, मेन्यू हातात घेऊन मागं लागणारे लोक, सगळं महाग, सगळं साधारण. स्किप करा. त्यापेक्षा कांपुंग बारूत नासी लेमाक खा, ट्विन टॉवरच्या सावलीत लाकडी घरांची मलय वस्ती आहे. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, इकान बिलिस म्हणजे तळलेले बारके सुके मासे, शेंगदाणे, काकडी, अंडं आणि सांबाल. सांबाल चांगलं तर सगळं चांगलं.

बुधवार, मलाका

बसनं दोन तास. मलाका आणि जॉर्जटाऊन दोन्ही 2008 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण मलाकानं ते जरा जास्तच मनावर घेतलंय, रिक्षांना कार्टूनची सजावट आणि वर स्पीकर. जोंकर स्ट्रीटवर फक्त गर्दी. भाताचे गोळे आणि कोंबडी खाल्ली, कामगारांना बरोबर न्यायला आणि गरम ठेवायला सोपं म्हणून भात वळायचे असं सांगतात. आता टुरिस्ट फोटोसाठी खातात, भात जरा चिकट वाटला.

न्योन्या जेवण मात्र मन लावून करावं. चिनी व्यापारी इथं स्थायिक झाले, मलय घरांशी सोयरीक झाली, त्या पेरानाकान घरातल्या बायकांचा हा स्वयंपाक, म्हणजे हमालांच्या रांगेतला हा एकटा शेठजी. आयाम पोंगतेह घेतलं, आंबवलेली सोयाबीन, माडाचा गूळ, बटाटे आणि कोंबडी, गोडसर. आणि आयाम बुआह केलुआक. ही बी कच्ची विषारी, त्यात सायनाइड असतं. ती उकडून राखेत आणि मातीत महिनाभराच्या वर पुरून ठेवतात, मग दिवसेंदिवस पाणी बदलून भिजवतात, मग फोडून आतला काळा गर कुटून परत कवचात भरतात. चव सांगता येत नाही, काळी, तेलकट, किंचित कडू. मावशीला चवीपेक्षा ते कष्ट जास्त आवडले. पहिल्यांदा कोणी आणि किती जण मेल्यावर ही रीत शोधली असेल, यावर आमचं पाऊण तास चाललं.

गुरुवार, मलाका

सकाळी सेंट पॉल टेकडी. पोर्तुगीज आल्बुकर्कनं 1510 मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाका. चर्चचे आता नुसते भिंतींचे अवशेष. आत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे. फ्रान्सिस झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, त्यांचं शव काही महिने इथं पुरलेलं होतं आणि मग गोव्याला नेलं. मावशी जुन्या गोव्यातलं शव दोनदा बघून आलेली, इथं तिनं खड्ड्यात वाकून बघितलं आणि हात जोडले.

संध्याकाळी शहराबाहेर उजोंग पासिरला, पोर्तुगीज सेटलमेंट. इथले क्रिस्तांग लोक पोर्तुगीज आणि स्थानिक यांच्या मिश्र वंशातले, 1930 च्या दशकात इथं वसवलेले, बरेचसे कोळी. समुद्राला लागून हॉटेलांची रांग. करी देबाल मागवली. मिरची, आलं, मोहरी, व्हिनेगर, दाटपणासाठी कँडलनट नावाची बी. नाताळच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या मांसाचं करायचा पदार्थ, आता रोज मिळतो. व्हिनेगर आणि मोहरी तोंडात आली की गोव्यातला विंदालू आठवल्याशिवाय राहत नाही, एकाच सत्तेची दोन बंदरं, पण इथं त्यात गवती चहा आणि आल्यासारखं गलांगल येतं.

ज्या बाईनं वाढलं ती सत्तरीची असेल, थोडं इंग्लिश बोलायची. नवरा ढकलजाळं घेऊन छातीभर पाण्यात उतरायचा गेरागाउ पकडायला, म्हणाली, आता भराव टाकून समुद्र लांब गेला, गेरागाउ कमी झाला. गेरागाउ म्हणजे काय ते तिनं बरणीतून दाखवलं, मिठात आणि भातात आंबवलेला, गुलाबी, डोळ्यांचे काळे ठिपके. मावशी ओरडलीच, "जवळो!" दोघी आत स्वयंपाकघरात गेल्या. मी बाहेर बिअर घेऊन बसलो. अर्ध्या तासानं मावशी आली तेव्हा तिच्या हातात बेलाचानच्या दोन वड्या होत्या, त्याच जवळ्याला मीठ लावून, उन्हात वाळवून, कुटून परत वाळवलेल्या. पैसे घेतले नाहीत म्हणे त्या बाईनं, हिनं पर्समधली आमसुलांची पुडी देऊन टाकली, प्रवासात पित्त होतं म्हणून आणलेली.

बेलाचान आणायचं असेल तर: भाजलेलं नको, कच्ची वडीच घ्या, वर्तमानपत्र, मग दोन झिपलॉक, मग स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, आणि चेक-इन बॅगेतच, केबिनमध्ये अजिबात नाही. भाजायचं ते गच्चीवर. शेजाऱ्यांना आधी सांगून.